एरर आला म्हणून यू-बूट पुसू नका

पाइन ६४सारख्या ऑलविनर चिपच्या छोट्या संगणक-बोर्डांवर डेबियन लिनक्स टाकणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: ‘ग्रब बसवताना "ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड" आलं, म्हणजे बोर्डात यूईएफआय नाही. यू-बूट पुन्हा लिहा, कार्ड जीपीटी करा. तरी उठला नाही तर बोर्ड मेला.’ या सल्ल्यापायी चांगले चालते बोर्ड बंद पडतात, म्हणून हे लिहितोय. (यू-बूट हा बोर्ड चालू होताच चालणारा फर्मवेअर प्रोग्राम, ग्रब हा त्यानंतर लिनक्स सुरू करणारा, यूईएफआय ही त्या दोघांमधली ठरलेली पद्धत, आणि जीपीटी व एमबीआर हे एसडी कार्डाचे भाग नोंदवणाऱ्या तक्त्याचे दोन प्रकार.)

‘बोर्डात यूईएफआय नाही.’ आहे. ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर दिसत असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, यूईएफआयमधूनच उठलाय. ग्रब चालवण्याइतकं यूईएफआय यू-बूटमध्ये २०१६पासून आहे. बहुधा नसते ती एकच सोय: लिनक्स चालू असताना व्हेरिएबल, म्हणजे काय बूट करायचं वगैरे फर्मवेअरच्या नोंदी, लिहिणं. पीसीच्या मदरबोर्डवर त्यासाठी वेगळी फ्लॅश चिप असते आणि तिचा ताबा फर्मवेअरकडेच राहतो. इथे यू-बूट आपली व्हेरिएबल्स सहसा कार्डावरच्याच एका फाइलमध्ये ठेवतो, आणि कर्नल सुरू झाला की कार्ड कर्नलचं. दोघं एकाच वेळी त्यावर लिहायला लागले तर फाइलसिस्टीमची वाट लागेल. म्हणून यू-बूट नकार देतो, आणि माझ्या मते तो योग्यच करतो.

उपाय साधा आहे. ‘ग्रब-इन्स्टॉल’ला ‘--रिमूव्हेबल’ जोडा. मग ग्रब ‘ईएफआय/बूट/बूटएए६४.ईएफआय’ या नावाने बसतो. कुठलीही नोंद नसली तरी फर्मवेअर तिथे आपणहून बघतं. डेबियनमध्ये ग्रबचं पॅकेज रीकॉन्फिगर करून रिमूव्हेबल जागेच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणा, म्हणजे पुढच्या अपडेटनंतर तिथे जुनी प्रत राहणार नाही.

‘यू-बूट पुन्हा लिहा.’ कशाला? इन्स्टॉलर सुरू झाला तो यू-बूटमुळेच.

‘कार्ड जीपीटी करा.’ खरा घात इथे होतो. ऑलविनरची बूट रॉम कार्डावर ८ केबीवर, म्हणजे सेक्टर १६वर, यू-बूटचा पहिला टप्पा शोधते. नेहमीच्या जीपीटीचा तक्ता सेक्टर २ ते ३३ व्यापतो. म्हणजे जीपीटी लिहिताक्षणी तो टप्पा पुसला जातो. एमबीआर ठेवा, यू-बूटला तो चालतो. जीपीटी हवंच असेल तर एच३, ए६४सारख्या चिप १२८ केबीवरही बघतात, यू-बूट तिथे लिहा.

‘बोर्ड मेला.’ बूट रॉम चिपमध्येच कोरलेली असते, ती पुसताच येत नाही. काहीच सापडलं नाही की ती ‘फेल’ (एफईएल) नावाच्या बचावाच्या मोडमध्ये जाते आणि यूएसबीवरून यू-बूट घेते. त्याआधी दुसऱ्या कार्डावर चांगली इमेज लिहून बघा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.