हप्ते कोणी भरले, ते खरेदीखत विचारत नाही

रात्री साडेदहाला मावशीचा फोन. "अगं, उद्या सकाळी कुलूपवाला बोलावलाय पाथर्डी फाट्याला. तू पण ये, तुला कागदातलं कळतं." मी दस्तनोंदणीची कामं करते, वकील नाही, हे तिला दहा वेळा सांगून झालंय.

प्रकरण असं. मावशी नाशिकला सिडकोत राहते. तिचा मुलगा चार वर्षं एका मुलीसोबत राहत होता, लग्नाशिवाय. दिवाळीनंतर बिनसलं आणि तो त्यांच्या पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमधून बॅग घेऊन आईकडे परतला. मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘लिव्ह-इनमधल्या मुलांच्या आईवडिलांनो, वाचाच’. त्यात म्हटलंय की दोन वर्षं एकत्र राहिलं की सुप्रीम कोर्टाच्या निकालाने मुलगी बायको ठरते आणि अर्धी मालमत्ता तिची. फ्लॅट कोणाच्याही नावावर असो, पैसे भरणारा खरा मालक. बँक स्टेटमेंट दाखवा, फ्लॅट मिळवा. तोवर कुलूप बदला. नोटरीचा करार असेल तर चिंता नाही. आणि लिव्ह-इनची नोंदणी आता सक्तीची.

पहिल्या मुद्द्यात मुलगी सगळं घेऊन जाते, दुसऱ्यात मुलगा सगळं परत आणतो. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचला होता का?

दोन वर्षांचा नियम कुठल्याच निकालात नाही. नवऱ्याला घटस्फोट देणाऱ्या बायकोलाही आपल्याकडे, गोवा सोडलं तर, त्याच्या मालमत्तेत आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. मग न झालेल्या लग्नाचा अर्धा वाटा कुठून येणार? आता नाइलाजाने मान्य करते, अफवेला बुडखा आहे. वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिलेल्यांचं लग्न झालंय असं कोर्ट गृहीत धरतं, पण ते गृहीतक खोडून काढता येतं. १९७८ च्या बद्री प्रसाद प्रकरणात तो काळ सुमारे ५० वर्षांचा होता. २०१५ च्या ज्या निकालावरून बातम्या फिरल्या, तिथेही विषय पुरुषाच्या मृत्यूनंतरच्या वारशाचा होता, भांडून वेगळं झाल्यावरच्या वाटणीचा नव्हता.

खरा घात दुसऱ्या मुद्द्यात आहे. मी रात्रीच तिच्याकडे गेले. मावशीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्लॅस्टिकची फाइल उघडली, वर इंडेक्स टूची, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या उताऱ्याची, झेरॉक्स. ‘लिहून घेणार’, म्हणजे खरेदीदार, त्याखाली एकच नाव, मुलीचं. कर्जही तिच्याच नावावर. असं का केलं? तर महाराष्ट्रात २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. फ्लॅट ४२ लाखांचा, म्हणजे ४२ हजार वाचले. बिल्डरच्या ऑफिसातल्या पोराने सुचवलं आणि मावशीचे चिरंजीव हो म्हणाले. सुरुवातीचे नऊ लाख मात्र त्याने दिले, आणि दर महिन्याला हप्त्यासाठी तिच्या खात्यात पैसे टाकले.

"म्हणजे फ्लॅट त्याचाच ना! कोर्टात तसंच सांगू, नाव फक्त तिचं," मावशी म्हणाली.

हेच वाक्य कोर्टात उच्चारायचं नाही. पैसे माझे, नाव दुसऱ्याचं, आणि घर खरं माझ्यासाठीच, याला कायद्यात बेनामी व्यवहार म्हणतात. १९८८ च्या बेनामी कायद्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. ज्ञात उत्पन्नातून नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर घेतलेलं घर त्यातून वगळलंय. भाऊ, बहीण, आईवडील हेही चालतात, पण त्यांचं नाव संयुक्त मालक म्हणून असेल तर. सोबत राहणारी मैत्रीण या यादीत नाही. बेनामी मालमत्ता परत मागायचा दावाच लावता येत नाही, आणि गुन्हा सिद्ध झाला तर एक ते सात वर्षं सक्तमजुरी, शिवाय बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. मेसेजवाल्या काकांनी हे कुठे लिहिलं नाही. त्यांच्या सल्ल्याने गेलेला मुलगा स्वतःच्या सहीने हा कबुलीजबाब देऊन येईल.

मग नऊ लाख बुडाले? तसं नाही. ते उसने दिले होते असं म्हणता येतं, आणि तो दावा पैशांचा, घराचा नव्हे. पण उसनवारीला मुदत तीन वर्षांची, आणि फ्लॅट घेऊन अडीच झाली. शिवाय उसने होते याचा पुरावा लागतो. मी स्टेटमेंट पाहिलं. नऊ लाखांच्या नोंदीपुढे शेऱ्यात नुसतं ‘घर’. पैसे गेले हे त्यातून दिसतं. उसने की भेट, ते दिसत नाही. तिने परत करीन असं कुठे लेखी कबूल केलं असेल तर ते शोध, एवढंच मी मावसभावाला सांगितलं. तो मान खाली घालून फोन चाळत बसला.

खतावर दोघांची नावं असती तर हेच स्टेटमेंट सोन्याचं होतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ सांगतं की दोघांनी आपापल्या पैशातून घेतलेल्या मालमत्तेत ज्याचा जेवढा पैसा तेवढा हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर निम्मा-निम्मा. मग वाटपाचा दावा, तोही कौटुंबिक न्यायालयात नाही, दिवाणी कोर्टात. वन बीएचके मधोमध कापता येत नाही, म्हणून एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यायचा किंवा विकून पैसे वाटायचे. सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात अशा तारखा घेणारी सख्खी भावंडं रोज दिसतात.

कुलपाबद्दल काय बोलायचं! जिच्या नावावर घर, तिलाच बाहेर काढायचं? आणि घर मुलाचं असतं तरी विवाहासारखं नातं असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला असं हाकलता येत नाही. हा हक्क राहण्याचा, मालकीचा नाही. अधूनमधून शनिवार-रविवार सोबत घालवण्याला विवाहासारखं नातं म्हणत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय.

नोटरीच्या शिक्क्याने घराचा हिस्सा इकडचा तिकडे होत नाही, नोंदणीच लागते. आणि सक्तीची नोंदणी उत्तराखंडच्या कायद्यात आहे, पाथर्डी फाट्याला नाही.

सकाळी मी पाथर्डी फाट्याला पोचले तेव्हा कुलूपवाला जिन्यात पिशवी उघडून बसला होता. नको म्हटल्यावर त्याने यायचे दोनशे मागितले. मावशीने कुरकुरत दिले.