७९ मीटरचं दुखणं

कळसूबाई आपलीच, असं प्रत्येक नाशिककर मनातून धरून चालतो. सरकारी नकाशा मात्र ऐकत नाही. शिखर इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या हद्दीवर, आणि नेहमीची वाट जिथून चढते ते बारी गाव अकोल्यात, म्हणजे नगर जिल्ह्यात. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं.) आमच्या वाट्याला साल्हेर. किल्ल्यांत राज्यात पहिला, शिखरांत मात्र दुसरा: साल्हेर १५६७ मीटर, कळसूबाई १६४६.

हे सगळं सहन झालं असतं, पण माझी सासुरवाडी नगरची.

"दाजी, या एकदा आमच्या जिल्ह्यात. राज्यातलं सगळ्यात उंच दाखवतो तुम्हाला," मेव्हण्याने फोनवर फर्मावलं. हे शिखर त्याने स्वतःच्या हाताने रचलं असावं, असा सूर. बायकोने माझ्या वतीने होकार देऊन टाकला.

पहाटे निघायचं ठरलं होतं. पण नाशिककर मिसळ खाल्ल्याशिवाय शहराची वेस ओलांडत नाही, त्यामुळे घोटी मागे टाकून बारीत पोचेतो ऊन चांगलंच चढलं. पहिल्या पायऱ्यांवरच मिसळ आपलं अस्तित्व जाणवून देऊ लागली. मेव्हणा पुढे उड्या मारत, मी मागे प्रत्येक दगडाची विचारपूस करत.

खरी गंमत लोखंडी शिडीवर. वरचे म्हणतात आधी आम्हाला उतरू द्या, खालचे म्हणतात तुम्ही वरच थांबा. या वाटाघाटी चालू असताना मी मधोमध लटकलेला. नाकासमोर परक्या माणसाचे बूट. टाचेच्या खाचेत लाल चिखल आणि त्यात रुतलेलं शेंगदाण्याचं टरफल. त्या बुटांचा मालक फोनवर कुणाला तरी "रेंज फुल्ल आहे रे" सांगत होता. इतक्यात खालून "सरका रं जरा" ऐकू आलं. अनवाणी पाय, नऊवारीचा काष्टा, हातात नारळाची पिशवी. मावशी कठड्याला हातही न लावता आम्हा सगळ्या बुटवाल्यांना ओलांडून गेल्या. देवीच्या पूजेला मंगळवारी-गुरुवारी वर जाणाऱ्यांना आमच्या धापांचं काय कौतुक?

माथ्यावर छोटं शेंदरी देऊळ आणि उभं राहू न देणारा वारा. ढग बाजूला झाले तेव्हा अलंग, मदन, कुलंग ओळीने दिसले. मी दोन मिनिटं खरंच गप्प होतो.

"बोला दाजी, जिल्हा कुणाचा?"

"हद्दीवर आहे," मी म्हणालो. "माझा डावा पाय इगतपुरीत."

"छे! इथे तुम्ही आमचे पाहुणे!"

हे वाक्य मी जपून ठेवलं. उतरताना तीन ठिकाणी लिंबू सरबत झालं, खाली बारीत पिठलं-भाकरी, ठेचा, वर पुन्हा चहा. बिलाच्या वेळी मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. मी गुडघे चोळत होतो. पाहुण्याने खिशात हात घालायचा नसतो, एवढी रीत नाशिकलाही पाळतात.