हा कलंक त्यांच्या माथी नको

तुमच्या लेखात, फ्रान्सच्या राजाने स्वखर्चाने कॅनडातल्या आपल्या वसाहतीत लग्नासाठी पाठवलेल्या, म्हणून ‘राजाच्या मुली’ म्हटल्या गेलेल्या मुलींना सरसकट बदनाम वस्तीतल्या बायका म्हटलंय, ते वाचून फार वाईट वाटलं. हा आळ पसरवला लाहोंतान या सरदाराने, १७०३ च्या आपल्या पुस्तकातून. तो त्या वसाहतीत पोचलाच मुळी १६८३ साली, म्हणजे या मुलींची शेवटची तुकडी येऊन दहा वर्षं उलटल्यावर!

१६६३ ते १६७३ या काळात साधारण ७७० जणी गेल्या. निम्म्याहून अधिक जणींचं पितृछत्र हरपलेलं, कित्येक पॅरिसच्या साल्पेत्रिएर या निराधारांच्या आश्रमातल्या. सोबत एक पेटी. तिच्यात कंगवा, कात्री, दोन सुऱ्या, पांढरा दोरा, शंभर सुया, हजार टाचण्या.

तरीही त्या मुकाट्याने कुणाच्याही गळ्यात माळ घालत नव्हत्या. वसाहतीत बाप्यांच्या मानाने बायका फारच थोड्या, त्यामुळे नकार देता यायचा. क्युबेकच्या मठातल्या मारी द लांकार्नासियों यांनी लिहून ठेवलंय, की मुली आधी विचारत, याचं स्वतःचं घर आहे का? नोटरीपुढे झालेला लग्नाचा करार मोडून काहींनी दुसरा नवरा निवडला. याला पूर्ण स्वातंत्र्य मी म्हणणार नाही. परतीची वाट जवळजवळ बंदच होती. पण त्यांची अक्कलहुशारी नाकारू नका.

सोळाव्या शतकात लिस्बनच्या अनाथ मुलीही अशाच गोव्याला धाडल्या जात आणि हुंडा म्हणून नवऱ्याला सरकारी हुद्दा मिळे. त्यांच्यावरही सविस्तर लिहा, ही कळकळीची विनंती.