परदेशी बोलीदार आणि विक्रेत्याच्या हातातला पुरावा : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी शांतपणे दोनदा वाचली. ऑनलाइन लिलावातील वस्तू परदेशी खरेदीदारांना विकण्यातील धोक्यांविषयी मी जे लिहिले, ते नवख्या विक्रेत्यांना विनाकारण घाबरवणारे आहे, त्यातून परदेशी माणूस म्हणजे लबाड असा समज पसरतो आणि पैसे स्वीकारणाऱ्या सेवा विक्रेत्याला संरक्षण देत असताना ही भीती अनाठायी आहे, असे आपले म्हणणे आहे. आपण स्वतः बारा वर्षे जुनी टपाल तिकिटे आणि पोस्टकार्डे तीसहून अधिक देशांत विकली आणि नुकसान फक्त दोनदा सोसले, हेही आपण नमूद केले आहे. शेवटी आपण विचारले आहे की, परदेशातून सर्वांत मोठी बोली आली तर ती नाकारून विक्रेत्याने स्वतःचेच नुकसान करून घ्यायचे का?

एक गोष्ट आधीच मान्य करतो. ‘काही देशांतील बोलीदारांना सरसकट वगळावे’ हे माझे वाक्य चुकीचे होते आणि मी ते काढून टाकले आहे. ते अन्यायकारक तर होतेच, शिवाय निरुपयोगीही होते, कारण ज्याला फसवायचेच आहे तो पुढे माल पाठवणाऱ्या एजंटचा, आपल्याला अगदी विश्वासार्ह वाटेल अशा देशातला पत्ता देतो. देशाचे नाव पाहून माणूस ओळखता येत नाही. मोठ्या हौसेने बोली लावणारे, वेळेवर पैसे देणारे आणि वस्तू मिळाल्यावर आवर्जून कळवणारे कितीतरी खरेदीदार मला परदेशातच भेटले.

तरीही मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. धोका खरेदीदाराच्या दानतीत असतो असे माझे म्हणणे नाही. वाद निर्माण झाला की विक्रेत्याच्या हातात पुरावा काय उरतो, हा खरा प्रश्न आहे, आणि अंतर वाढते तसा हा पुरावा विरळ होत जातो. खात्यात पैसे जमा झाले म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, असे आपण सहज धरून चालतो. परंतु पेपाल या ऑनलाइन भरणा सेवेवर खरेदीदाराला पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत तक्रार करता येते, आणि व्हिसासारख्या कार्डांवर ‘वस्तू मिळाली नाही’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणांसाठी चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागण्याची, मुदत साधारणपणे १२० दिवसांची असते. म्हणजे वस्तू हातावेगळी होऊन कित्येक महिने उलटले, तरी पैसे पूर्णपणे आपले झालेले नसतात.

आपण ज्या संरक्षणाचा उल्लेख केला आहे ते आहे, पण त्याच्या अटी काटेकोर आहेत. मी ते एका जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर शिकलो. लिलाव संपला, पैसे आले आणि दुसऱ्या दिवशी खरेदीदाराचा अत्यंत सौजन्यपूर्ण संदेश आला की, तो कामानिमित्त दुसऱ्या शहरात असल्याने पार्सल तिकडे पाठवावे. मी पाठवले. सही घेऊन पार्सल पोचल्याची नोंदही झाली. सात आठवड्यांनी कार्डाच्या खऱ्या मालकाने तो व्यवहार आपण केलाच नसल्याचे बँकेला कळवले आणि पैसे परत गेले. सहीची नोंद माझ्या काहीच उपयोगाची ठरली नाही, कारण संरक्षण फक्त व्यवहाराच्या तपशिलात नोंदलेल्या पत्त्यावर पाठवलेल्या वस्तूलाच होते आणि पत्ता मी स्वतःच्या हाताने बदलला होता. आज असा संदेश आला, तर मी पैसे परत करून खरेदीदाराला नव्या पत्त्यासह पुन्हा भरणा करायला सांगतो. प्रामाणिक माणसाला त्याचा राग येत नाही, असा माझा अनुभव आहे.

ट्रॅकिंग क्रमांकाबाबतही असाच गैरसमज आढळतो. आंतरराष्ट्रीय टपालाच्या क्रमांकात आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर ‘आर’ असेल तर ते रजिस्टर्ड टपाल, ‘सी’ असेल तर पार्सल, ‘ई’ असेल तर एक्स्प्रेस. ‘यू’पासून सुरू होणारा क्रमांक मात्र साध्या, नोंद न होणाऱ्या टपालाचा असतो आणि तो मुख्यतः कस्टम्सची माहिती जोडण्यासाठी दिलेला असतो. पावतीवर क्रमांक दिसला म्हणून विक्रेता निश्चिंत होतो. पण पाकीट देशाबाहेर गेले की नोंदी थांबतात, आणि ‘मिळाले नाही’ या तक्रारीला उत्तर देण्यासाठी त्याच्याकडे काहीच उरत नाही. आपली तिकिटे पाकिटात मावतात आणि एखादे पाकीट गहाळ झाले तर पुढच्या विक्रीतून ती तूट भरून निघते. घरातली एकुलती एक मौल्यवान वस्तू लिलावात ठेवणाऱ्याला ही सोय नसते, आणि माझा लेख प्रामुख्याने त्याच्यासाठी होता.

कस्टम्सचा विषय मी मूळ लेखात दोन ओळींत उरकला, ही त्यातली खरी उणीव होती. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या आयात मालावरील व्हॅटची सूट १ जुलै २०२१ पासून बंद केली आणि अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली. त्या वेळी अनेक देशांच्या टपाल खात्यांना अमेरिकेकडे जाणारी पार्सले काही काळ रोखून धरावी लागली. बोली लावताना खरेदीदाराने हा खर्च धरलेला नसतो. दारात आलेला माणूस कर आणि हाताळणीचे शुल्क मागतो, तेव्हा खरेदीदार चिडतो आणि पार्सल नाकारतो. माझ्याकडे असे एक खोके परत आले तेव्हा त्याचे कोपरे दबलेले होते, चिकटपट्टी कस्टम्सने कापून पुन्हा लावलेली होती आणि वर टपालाचे परतीचे लेबल होते. त्यावर फ्रेंच भाषेत कारणांची चौकटबद्ध यादी होती आणि ‘रफ्यूझे’, म्हणजे ‘नाकारले’, या शब्दापुढे पेनाने फुली मारलेली होती. जाण्यायेण्यात तीन महिने गेले होते. त्या व्यवहारात कोणीच लबाड नव्हते, तरीही टपालखर्च माझाच बुडाला.

याच भीतीपोटी काही खरेदीदार ‘भेटवस्तू लिहा’ किंवा ‘किंमत कमी दाखवा’ अशी विनंती करतात. ती कधीही मान्य करू नये. घोषणापत्रावर सही पाठवणाऱ्याची असते, त्यामुळे खोट्या माहितीची जबाबदारीही त्याचीच ठरते. शिवाय पार्सल हरवल्यास जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक भरपाई मागायला त्याला तोंड राहत नाही.

निषिद्ध वस्तूंबद्दल एवढेच जोडतो की, जुन्या वस्तूंच्या लिलावात हस्तिदंताची मूठ, कासवाच्या कवचाची पेटी किंवा ब्राझिली रोजवुड लाकडाची जुनी गिटार सहज येते. धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आणि १९७५ साली अंमलात आलेल्या साइट्स करारामुळे अशा वस्तू परवान्याविना सीमा ओलांडू शकत नाहीत, मग त्या वारशाने आलेल्या का असेनात. सुट्या लिथियम बॅटऱ्याही आंतरराष्ट्रीय टपालात चालत नाहीत.

आता आपला शेवटचा प्रश्न. लिलाव संपल्यावर परदेशी बोली रद्द करावी, असे मी म्हणणार नाही. तो विजेत्यावर अन्याय होईल. निर्णय वस्तू मांडण्याआधी घ्यायचा असतो. पोचवण्याची नोंद आणि पूर्ण किमतीचा विमा देणारी सेवा त्या देशासाठी उपलब्ध आहे का, तिचा खरा खर्च किती आणि वस्तू गेली तर ते नुकसान आपल्याला झेपेल का, हे आधी पाहावे. आयात कर खरेदीदाराने भरायचा आहे, हे वर्णनातच स्पष्ट लिहावे. वस्तूचा अनुक्रमांक दिसेल असे छायाचित्र आणि पेटी बंद करतानाचे चित्रीकरण तक्रारीची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावे, कारण परतीच्या पेटीत आपलीच वस्तू आली आहे की नाही, हे दाखवण्याचा दुसरा मार्ग नसतो. हे सारे जमत असेल, तर परदेशी बोलीदाराचे मनापासून स्वागत करावे. जमत नसेल, तर विक्री देशापुरती ठेवावी आणि तसे लिलावाच्या पहिल्याच ओळीत लिहावे, म्हणजे दूरच्या माणसाचा बोली लावण्याचा खटाटोपही वाचेल.

आपली ती दोन नुकसाने कशी झाली, हे कळवलेत तर मूळ लेखात मी ती आपल्या परवानगीने जोडेन.