थांबव, झाड!

चमत्कारिक झाडं नेहमी वळणावरच उभी असतात आणि ती दिसेपर्यंत गाडी पुढे निघून गेलेली असते. फोटो काढायला मी "थांबव, थांबव!" ओरडले की नवऱ्याला वाटतं, चाकाखाली कोणीतरी आलं.

"काय झालं?"

"झाड!"

यानंतर गाडीत जी शांतता पसरते, तिचा फोटो काढता आला असता तर अप्रतिम आला असता.

एकदा त्याला पटवायला मी तेनेरेच्या झाडाची गोष्ट सांगितली. सहाराच्या त्या भागात बाभळीच्या कुळातलं एकच झाड उभं होतं, आसपास दूरदूरवर दुसरं नाही. 1973 साली एका ट्रकने नेमकं तेच धडकून पाडलं. सगळं वाळवंट मोकळं असताना! "बघ," नवरा म्हणाला, "शेजारी बसलेलं कोणीतरी ओरडलं असणार."

चालत मागे जावं तर झाड बदललेलं असतं. गाडीतून कमरेत वाकून दंडवत घालणारं खोड आता सज्जनासारखं ताठ दिसतं. ते वाकडेपण एकाच कोनातून दिसतं आणि त्या कोनावर हमखास विजेचा खांब असतो, नाहीतर काटेरी कुंपण. तशात मला त्या खोडाचं कौतुकही सांगायचं असतं. कलंडलेलं झाड स्वस्थ बसत नाही. रुंद पानांची झाडं बहुधा वरच्या अंगाला ताण देणारं लाकूड घालून स्वतःला ओढून घेतात. पाइनसारखी सूचिपर्णी झाडं खालच्या अंगाला लाकूड वाढवून स्वतःला वर ढकलतात. माझं व्याख्यान इथवर आलं की गाडीत कोणीतरी गाणी लावतं.

बरं, फोटोत यातलं काही उतरत नाही. आपल्याला डोळे दोन, म्हणून झाड मागच्या रानापासून सुटं दिसतं. भिंग एकच, त्याला पुढचं-मागचं सगळं सारखंच हिरवं. जाणकार म्हणतात, मागे धुकं किंवा कोरं आभाळ हवं. धुक्याची मी वाट पाहिली असती, पण हॉर्न वाजायला लागतो.

तोवर माणसं जमलेली असतात.

"ताई, साप आहे का?"

"नाही, झाडाचा फोटो काढतेय."

"तोडणार का? रस्ता रुंद होतोय?"

"नाही हो, छान आहे म्हणून."

"ते रोज इथंच असतं की!"

याला काय उत्तर देणार? एक आजोबा मात्र माझ्या बाजूचे निघाले. खोडावर हात फिरवून म्हणाले, "याचा पीळ बघा. आमच्या बांधावरचं याहून वाकडं आहे, पण हेही वाईट नाही." अशी दाद गाडीतल्या कोणी आजवर दिलेली नव्हती. मग ते स्वतःच झाडापुढे उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "आता काढा."

पीळ बरोबर त्यांच्या पाठीमागे गेला. फोटो झकास आला. घरच्या ग्रुपवर टाकला, तर लगेच विचारणा: "हे काका कोण?"