दप्तर फुकट मिळतं, ते ठेवायचं कुठे?

दरवर्षी जूनच्या तोंडावर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्या सख्ख्या मावसभावाने पाठवला, खाली दोन हात जोडलेले. मजकूर थोडक्यात असा: सरकारने शिक्षण फुकट केलंय, पुस्तकं-गणवेश-जेवण सगळं मिळतं, तरी फुटपाथवरची पोरं शाळेत जात नाहीत, कारण आईबापांना त्यांची कमाई हवी असते. त्यांच्या नावाने देणग्या मागणाऱ्या संस्था पैसे खातात. द्यायचंच तर वह्या-पेन द्या, पैसे देऊ नका. आणि एवढा पुळका असेल तर मुलांना वसतिगृहात टाका.

मी मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यास घेते. सहा वर्षं झाली. म्हणून भावाला एका ओळीत उत्तर देता आलं नाही.

आधी ‘सगळं फुकट’ बघू. फीपुरतं ते खरं आहे. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू; 6 ते 14 वयाच्या मुलाला सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत फी नाही. आठवीपर्यंत दुपारचं जेवणही आहे. मुंबई महापालिका तर दप्तर, छत्री, बूट धरून 27 वस्तू देते, आणि त्याबद्दल तिचं कौतुकच करायला हवं. पण त्या 27 वस्तू ठेवायच्या कुठे? फुटपाथवरच्या संसाराला भिंत नसते. पावसात ताडपत्रीखाली पहिली भिजतात ती पुस्तकं, कारण कोरडा कोपरा पिठाला आणि तान्ह्या पोराला लागतो. मग एखाद्या सकाळी अतिक्रमणवाल्यांची गाडी येते. गाठोड्यांबरोबर दप्तरही उचललं जातं. दप्तर देणारी पालिका आणि उचलून नेणारीही पालिका. वर्गात मात्र बाईंना दिसतं ते एवढंच, की या मुलीने पुन्हा वही आणली नाही.

आंघोळीचंही तसंच. सार्वजनिक शौचालयात आंघोळीला पैसे पडतात, आणि तीन पोरं असली की आई रोज एकालाच पाठवते. बाकीची दोघं त्या दिवशी शाळेत जात नाहीत, कारण शेजारच्या बाकावरची मुलं नाक धरतात. हा खर्च कुठल्याही शासकीय योजनेच्या यादीत मला सापडलेला नाही.

‘कागदपत्रं नाहीत तर शाळा तरी काय करणार’ असं त्या मेसेजच्या एका जुन्या अवतारात असायचं. कायदा याबाबत स्वच्छ आहे: वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 14), शाळा कधी पाहिलीच नसली तरी वयाप्रमाणे वर्गात बसवून वेगळं शिकवायचं असतं (कलम 4), आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही परत पाठवता येत नाही. आधारशिवाय शालेय प्रवेश अडवू नये हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं. तरी मुख्याध्यापक कां-कूं करतात, आणि दर वेळी त्यांच्या मनात खोट नसते. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवायला, आधार जुळलेले विद्यार्थी मोजायला लागल्यापासून, आधार नसलेलं मूल पटावर असूनही शिक्षकांच्या हिशेबात धरलं जाईल की नाही, हा घोर त्यांना असतो. इथे देणगीदाराचं काम निघतं, आणि ते वहीपेक्षा कंटाळवाणं आहे: आमदाराकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून आधारसाठी ठरलेल्या नमुन्यात ओळख-पत्त्याचं प्रमाणपत्र मिळवायचं, आईची दिवसभराची मजुरी भरून द्यायची, आणि तिच्याबरोबर आधार केंद्रावर रांगेत उभं राहायचं. बोटांचे ठसे नाही उमटले तर पुन्हा एकदा.

आता ‘आईबापांनाच नको असतं’. यात काही खरं नाही असं मी म्हणणार नाही. गजरे विकणाऱ्या घरात दहा वर्षांच्या पोराचे दोन तास म्हणजे संध्याकाळचं तेल-मीठ. मोठी मुलगी शाळेत गेली तर धाकट्याला कोण सांभाळणार, हा प्रश्न तर मला रोज विचारला जातो. पण शाळाच त्यांच्याकडे गेली तर काय होतं, हे ठाण्यात जाऊन पाहता येतं. तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 मध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेला बरोबर घेऊन सिग्नल शाळा सुरू केली. जागा पुलाखालची, वर्ग मालवाहू कंटेनरमध्ये. दुष्काळी भागातून पोटासाठी आलेली, सिग्नलला वस्तू विकणारी कुटुंबं हीच, आईबापही तेच. त्यांची मुलं बसली, टिकली, दहावी पास झाली. डोअर स्टेप स्कूल या संस्थेने तर 1988 पासून हेच केलंय, पुढे बसमध्येच वर्ग भरवले. पालक नकोच म्हणत असते, तर ही बस रिकामी फिरली असती.

आणि वह्या-पेन. यावर माझं जरा जास्त होईल, पण सांगते. 15 जून, 15 ऑगस्ट, 14 नोव्हेंबर आणि कुणाकुणाचे वाढदिवस, एवढ्या दिवशी आमच्या मुलांना वह्या मिळतात. एका मुलीकडे एकाच पावसाळ्यात चार कंपास झाले होते. तिने तीन विकले आणि मला येऊन सांगितलंही. मी रागावले नाही. त्यांना खरोखर लागतं ते फोटोत न येणारं असतं: महिन्याचे आंघोळीचे पैसे, अभ्यासाला दिव्याखालची जागा, धाकट्यांना सांभाळणाऱ्या ताईंचा पगार. पगार वस्तूरूपात देता येत नाही हो. शाळेला थेट द्यायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, आणि सरकारखेरीज इतर ठिकाणहून आलेल्या पैशावर लक्ष ठेवणं हे तिचं काम खुद्द कायद्यात लिहिलेलं आहे. म्हणजे देणगी येणार हे कायदा करणाऱ्यांनी धरलंच होतं.

पैशाखेरीजही बरंच जमतं, फक्त गल्लीत हिंडावं लागतं. आमचा वर्ग भरतो तो गणेश मंडळाच्या खोलीत, जी एरवी अकरा महिने मखराच्या सामानाने भरलेली असायची. कार्यकर्त्यांनी सामान वर टांगलं आणि एक ट्यूबलाइट वाढवली. शौचालयाच्या कंत्राटदाराशी महिन्याचा ठोक दर ठरला. त्याला तीन चकरा लागल्या, तिसऱ्या चकरेला मंडळाचा अध्यक्ष बरोबर होता म्हणून जमलं.

‘संस्था पैसे खातात.’ काही खातात. तेव्हा पावती मागा, धर्मादाय आयुक्तांकडे दिलेला ताळेबंद मागा, देणगीवर आयकरात वजावट मिळणार असेल तर तिचं प्रमाणपत्र मागा. 2,000 रुपयांवर रोख दिलेल्याला वजावट नाही, तेव्हा चेकनेच द्या. मागितल्यावर जी संस्था तोंड फिरवेल तिला देऊ नका. एवढ्याने भागतं.

राहिलं वसतिगृह. ज्याचे आईबाप जिवंत आहेत, जवळ आहेत, रात्री कुशीत घेऊन झोपतात, त्या मुलाला फक्त घर नाही म्हणून त्यांच्यापासून तोडायचं? बाल न्याय कायदाही मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो. निवाराच द्यायचा तर अख्ख्या कुटुंबाला द्या. दर लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा हा निकष आहे. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती आणि बेघर 57 हजारांच्या वर. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, आणि प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही नाहीत.

हे सगळं भावाला पाठवलं. त्याने विचारलं, मग मी नक्की काय देऊ? त्याचं झेरॉक्सचं दुकान आमच्या चौकापासून दोन मिनिटांवर आहे, वर पोटमाळा. मी म्हटलं, रात्री सहा दप्तरं ठेवायला जागा दे. शटर सकाळी साडेसहाला उघडावं लागेल, शाळा सातची आहे. तो म्हणाला, सोमवारपासून बघू.