तीनचा बर्स्ट, चार छर्रे: हवालदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

हवालदारसाहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर मुद्दाम आज सकाळी लिहितोय. रात्री बसलो असतो तर भांडणच झालं असतं, आणि त्यात चूक निम्मी माझी निघाली असती.

बाकीच्यांना विषय कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. माझा बॅटरीवरचा लेख वाचून साहेबांच्या खानापूरच्या पुतण्यानं आपल्या इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट रायफलीतली (प्लॅस्टिकचे छर्रे मारणारी खेळण्यातली बंदूक) ८.४ व्होल्टची जुनी निकेल बॅटरी काढली, ११.१ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घातली आणि सोबत बर्स्टचं, म्हणजे एका दाबात तीन छर्रे सोडणारं, सर्किट बसवलं. आता सकाळी ट्रिगर एकदा दाबला की तीनऐवजी चार छर्रे जातात. दुपार कलली की दोनच जातात आणि तिसऱ्याला नुसता खट् करून आवाज येतो. इन्सास ही आपल्या फौजेची रायफल; साहेब लिहितात, "इन्सासवर आयुष्य काढलं, तीन म्हणजे तीन. हे यंत्र काय कामाचं ओ? तुम्ही पोरांचे पैसे घालवालाय." पुढं विचारतात, ११.१ कमी पडत असेल तर १४.८ ची घालू का? आणि जाता जाता एक ओळ: बॅटरी जरा फुगली आहे, पण चालते.

आधी त्या ओळीचं बोलू. ती चालत नाही, साहेब. फुगलेली लायपो म्हणजे आतल्या रसायनाचा वायू होऊन पाकीट ताणलं गेलंय. ती आता चार्जिंगला लावायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. घराबाहेर वाळूच्या बादलीत ठेवा, आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्याकडंच द्या, घंटागाडीत टाकू नका. पुतण्याला एक विचाराल का, की निकेल बॅटरीचा जुना चार्जरच तो हिला लावत होता काय? लायपोतल्या तीनही सेलना सारखं भरणारा बॅलन्स चार्जर लागतो. सेल ४.२ व्होल्टला भरला की थांबायचं, वापरताना ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि महिनाभर ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायची. पूर्ण भरलेली बॅटरी एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत ठेवणारी मंडळी आमच्याकडंही आहेत, त्यांनीही हे वाचावं.

आता माझी चूक. लेखात मी "बर्स्टचं सर्किट" असा एकच शब्द वापरून मोकळा झालो. बाजारात दोन जातींची सर्किटं मिळतात हे लिहायला हवं होतं. एक जात छर्रे मोजते, दुसरी वेळ मोजते. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून पुतण्याकडं दुसरी आहे.

गिअरबॉक्स उघडून बघितला असेल तर मोटरनंतर तीन गिअर दिसतात. शेवटचा तो सेक्टर गिअर. त्याच्या अर्ध्याच भागाला दाते असतात. ते दाते पिस्टनला मागं ओढत नेतात, दाते संपले की स्प्रिंग पिस्टनला पुढं फेकते, हवा दाबली जाते, छर्रा सुटतो. म्हणजे सेक्टर गिअरची एक फेरी, एक छर्रा. सिंगलवर ठेवलं की याच गिअरवरचा उंचवटा कट-ऑफ लिव्हरला ढकलून ट्रिगरचा संपर्क तोडतो. ही मोजणीच झाली, फक्त एकपर्यंतची. चांगलं बर्स्ट सर्किट त्या लिव्हरवर छोटा स्विच किंवा प्रकाशाचा सेन्सर बसवून फेऱ्या मोजतं आणि तिसरीनंतर वीज तोडतं.

स्वस्तातलं सर्किट गिअरकडं बघतही नाही. ठरलेले मिलिसेकंद वीज सोडतं आणि बंद करतं. धरून चालू की ते १३० मिलिसेकंदांवर लावलंय. सकाळी बॅटरी गच्च भरलेली, सेकंदाला २५ छर्रे, म्हणजे एकाला ४० मिलिसेकंद. तिघांचे १२० झाले. उरलेल्या दहात चौथी फेरी सुरू झाली आणि मोटर स्वतःच्या वेगातच ती पुरी करून मोकळी. दुपारी बॅटरी दमली, एका छर्ऱ्याला ५२ लागायला लागले. १३० मध्ये अडीच फेऱ्याच होतात. पिस्टन अर्ध्या वाटेत, स्प्रिंग दाबलेली, गिअर मागं फिरू नये म्हणून असलेल्या खटक्यावर सगळं अडकून राहिलेलं. तुमचा तो खट् हाच.

आणि ५२ इतक्या लवकर का लागायला लागले? फुगलेल्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. मोटरनं करंट मागितला की तिचा व्होल्टेज बसतो. तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत.

इन्सासची तुलना तुम्ही केलीत ती बरोबर आहे, फक्त टोचण्यासाठी केलीत. त्या रायफलीवर सिंगल आणि तीनचा बर्स्ट एवढंच आहे, सलग फायर नाहीच. खऱ्या रायफलीत मोजणी धातूच्या दात्यांवर होते, तिला घड्याळ ठाऊक नसतं. पण तिथंही खोड्या आहेत. अमेरिकेच्या एम-१६ ए-२ मध्ये दोन गोळ्या झाल्यावर बोट सोडलं तर मोजणी शून्यावर जात नाही, पुढच्या वेळी एकच सुटते. यंत्र आपल्या हिशेबानं बरोबर असतं, चुकतो तो दाबणारा.

आता १४.८. नको. व्होल्टेज वाढवल्यानं छर्रा जोरात जात नाही, जोर स्प्रिंगचा असतो, हे पोरांना कितीदा सांगितलं तरी पटत नाही. वाढते ती मोटरची गती. भरलेली ७.४ ची लायपो ८.४ व्होल्ट देते, भरलेली ११.१ ची १२.६ देते, म्हणजे दीडपट. गती दीडपट झाली की फिरणाऱ्या भागातली ऊर्जा सव्वादोनपट होते, आणि बर्स्टला नेमकी तीच थांबवायची असते. तीन सोडायला कुठलीही बॅटरी पुरते. चौथा अडवणं हे खरं काम. तुम्ही बैलाला आणखी पेंड घालून कासरा बारीक करायला निघालाय.

शिवाय वेग फार वाढला की पिस्टन पुढं पोचायच्या आत सेक्टर गिअर पुन्हा त्याला गाठतो आणि पहिल्या दात्याचा भुगा करतो. माझा असाच गेला. झाकण काढलं तर ग्रीसमध्ये पांढरा चुरा, मिठासारखा. इथं बेळगावात, उद्यमबागेत गिअर कापणाऱ्या एका ओळखीच्याला दाखवला, तर त्यानं भिंगातून बघून एवढंच विचारलं, "खेळण्याला एवढी घाई कशाला?"

मॉसफेट (मोटरचा जड करंट ट्रिगरऐवजी स्वतः पेलणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नसताना ११.१ लावली असेल तर ट्रिगरचे तांब्याचे संपर्कही बघून घ्या. दर वेळी ठिणगी पडून ते स्टोव्हच्या बर्नरसारखे काळे होतात.

खात्री करून घ्यायची असेल तर काही विकत आणायला नको. मोबाईल शेजारी ठेवून एका बर्स्टचा आवाज रेकॉर्ड करा आणि कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. प्रत्येक छर्ऱ्याचा एक उभा सुळका दिसतो, दोन सुळक्यांमधलं अंतर म्हणजे एका फेरीचा वेळ. मी शहापूरला गच्चीवर हे केलं तेव्हा पत्र्यावर पाऊस होता, तरी सुळके स्वच्छ मोजता आले. सकाळी एकदा, दुपारी एकदा करा. अंतर वाढलेलं दिसलं आणि वीज तोडण्याची वेळ मात्र तीच राहिली, तर निदान पक्कं.

मग काय करायचं? ७.४ ची नवी लायपो घ्या. सर्किट बदलायचं असेल तर फेऱ्या मोजणारं आणि मोटरला ब्रेक लावणारं घ्या. ब्रेक म्हणजे वीज तोडल्यावर मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडून तिला जागीच थोपवायचं. त्यानं मोटर थोडी जास्त तापते, कार्बन ब्रश लवकर झिजतात, हेही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढची प्रतिक्रिया त्यावर येईल. सर्किट बदलायचं नसेल तर बर्स्ट विसरून सिंगलवर खेळा. पैसे घालवल्याचा आरोप मला तेवढ्यापुरता मान्य.

अडकलेल्या पिस्टनचं मात्र लगेच बघा. मॅगझिन काढली तरी नळीत एक छर्रा असू शकतो. वाळूच्या बादलीतली ती बॅटरी याच्यासाठी परत जोडायची नाही. चष्मा घालून, नळी जमिनीकडं धरून, दुसरी चांगली बॅटरी लावायची, सिंगलवर एकदा दाबून स्प्रिंग मोकळी करायची.

रविवारी पुतण्याला घेऊन टिळकवाडीला या, उघडून बघू. रायफल बंद पिशवीतून आणा. कॅम्पच्या, म्हणजे लष्करी छावणीच्या, रस्त्यानं उघडी आणलीत तर तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही, पण पोराला म्हणतील. आणि ती बॅटरी बादलीतच राहू दे.